पेट्रोल-डिझेलचे भाव: राज्याराज्यांतला आणि सालासालांतला फरक कसा मोजायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांच्या कागदांत २०१४ सालच्या पंपाच्या पावत्या सापडल्या. तेव्हा कच्चं तेल शंभर डॉलरच्या वर होतं आणि मुंबईत पेट्रोल ८० रुपयांच्या आसपास मिळायचं. २०२४ मध्ये कच्चं तेल ऐंशी डॉलरच्या आगेमागे आणि पेट्रोल १०३-१०४. त्यात गुजरातेत तेच पेट्रोल नऊ रुपयांनी स्वस्त. मग मधले पैसे जातात कुठे, वेगवेगळ्या गावांचे आणि वेगवेगळ्या वर्षांचे भाव ताडून कसे पाहायचे, आणि हद्द ओलांडून टाकी भरणं परवडतं का?

मी कोल्हापुरात मालवाहतुकीच्या धंद्यात १९९८ पासून आहे आणि पहिल्या दिवसापासून डिझेलचा हिशेब माझ्याकडे आहे. ट्रकच्या खर्चात डिझेलएवढा मोठा आकडा दुसरा नाही. टायर, ड्रायव्हरचा भत्ता, टोल, हप्ता हे सगळं त्याच्या मागून येतं. त्यामुळे भाव कुठे किती आणि का, हे समजून घेणं माझ्या पोटापाण्याचं काम आहे. माझ्या वहीत कोल्हापूरचे भाव आहेत, पण इथे बहुतेक आकडे दिल्ली आणि मुंबईचे घेतो. ते जाहीर असतात आणि कुणालाही पडताळता येतात.

पहिली सवय लावायची ती अशी: पाटीवरचा भाव ही बेरीज आहे. दोन बेरजा शेजारी ठेवून काही कळत नाही, आतले आकडे वेगळे काढावे लागतात. मार्च २०२४ मधलं दिल्लीचं पेट्रोल घ्या. १५ मार्चला दोन रुपयांची कपात झाली आणि भाव ९४ रुपये ७२ पैसे झाला. त्यात तेल कंपनीचा पंपाला लागणारा दर, कर सोडून, ५५.४६. वाहतूक २० पैसे. केंद्राचा अबकारी कर १९.९०. पंपवाल्याचं कमिशन सरासरी ३.७७. आणि दिल्ली सरकारचा व्हॅट १५.३९. बेरीज करा, बरोबर ९४.७२ येते.

आता अशीच फोड मुंबईच्या भावाची करू. त्याच दिवशी मुंबईत पेट्रोल १०४.२१ होतं. तेव्हा मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईला पेट्रोलवर २६ टक्के व्हॅट होता आणि त्यावर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे अधिभार. १०४.२१ मधून ५.१२ वजा केले की ९९.०९ राहतात. त्याला १.२६ ने भागलं की ७८.६४. म्हणजे राज्याचा कर लागण्याआधी मुंबईचं पेट्रोल ७८.६४ ला होतं. दिल्लीचं त्याच टप्प्यावर ७९.३३. राज्याचा कर काढला तर मुंबईचं पेट्रोल दिल्लीपेक्षा ६९ पैशांनी स्वस्त निघतं, आणि पाटीवर मात्र साडेनऊ रुपयांनी महाग दिसतं. दिल्लीकर राज्याला १५.३९ देत होता, मुंबईकर २५.५७.

हे गणित मी नव्याने आलेल्या प्रत्येक पोराला कागदावर करायला लावतो. मुंबईत माहूलला भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियम या दोन कंपन्यांचे तेलशुद्धीकरण कारखाने आहेत, दोन्ही १९५० च्या दशकातले. समोर बंदर आहे, पलीकडे समुद्रात बॉम्बे हायचं तेल आहे. मुंबईचं पेट्रोल दिल्लीहून आधीच थोडं स्वस्त का पडतं याचं एक कारण तिथे दिसतं. आणि तरी ज्या चेंबूर-माहूलच्या लोकांच्या डोक्यावर त्या कारखान्यांची धुराडी आहेत, त्यांनी पेट्रोलला देशातल्या बहुतेक शहरांपेक्षा जास्त पैसे मोजले. कारखाना जवळ असल्याचा फायदा काही पैशांचा, कराचा फरक दहा रुपयांचा. भूगोल आणि कर यांच्या वजनातला हा फरक लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

भूगोलाचा भाग नाही असं मात्र नाही. एकाच राज्यात करदर सारखा असूनही जिल्ह्याजिल्ह्यांत भाव बदलतो तो डेपोपासूनच्या अंतरामुळे. परभणी हे त्याचं ठळक उदाहरण. तिथे टँकर मनमाडच्या डेपोतून येतात, रस्ता तीनशे किलोमीटरच्या वरचा. वर्षानुवर्षं राज्यातल्या सर्वांत महाग पेट्रोलच्या बातमीत परभणीचं नाव यायचं ते त्यामुळे. त्यात एक गोष्ट लोकांच्या नजरेतून सुटते. व्हॅट टक्क्यांत असल्यामुळे तो टँकरच्या भाड्यावरही लागतो. भाडं लिटरमागे एक रुपया जास्त असेल तर परभणीकराच्या खिशातून सव्वा रुपया जातो. दुष्काळी भागातल्या माणसाने, ज्याची कमाई मुंबईच्या माणसाच्या निम्मीही नाही, लिटरमागे मुंबईहून जास्त द्यावेत हे मला कधीच पटलेलं नाही.

महाराष्ट्रात बरीच वर्षं दोन करदर होते. मुंबई-ठाणे-नवी मुंबईला एक आणि उरलेल्या राज्याला दुसरा. डिझेलला २४ टक्के विरुद्ध २१ टक्के. त्यामुळे आमच्या गाड्या मुंबईत माल उतरवून परत निघाल्या की ड्रायव्हरला सांगितलेलं असायचं, नवी मुंबईची हद्द सोडल्याशिवाय डिझेल मारायचं नाही. जून २०२४ च्या अर्थसंकल्पात हे दोन दर एक केले गेले. मुंबईचं पेट्रोल २६ वरून २५ टक्क्यांवर आलं, डिझेल २१ वर. मुंबईत डिझेल ९२.१५ वरून ८९.९७ झालं. तुम्ही जुन्या आणि नव्या पावत्या ताडून पाहत असाल तर १ जुलै २०२४ ही रेघ वहीत मारून ठेवा. त्या दिवशी मुंबईत डिझेल दोन रुपयांनी उतरलं त्याचा कच्च्या तेलाशी काही संबंध नव्हता.

आता हद्दीचा प्रश्न. याचं उत्तर मी रोज जगलो आहे, कारण कागलच्या पुढे गेलं की कोगनोळीचा नाका, तिथून कर्नाटक सुरू. माझ्या डोळ्यांसमोर ही हद्द तीन-चार वर्षांत दोनदा पालटली.

नोव्हेंबर २०२१ मध्ये, ऐन दिवाळीत, केंद्राने पेट्रोलवरचा अबकारी ५ रुपयांनी आणि डिझेलवरचा १० रुपयांनी कमी केला. कर्नाटकाने लगेच स्वतःच्या करात दोन्हींवर सात-सात रुपये कमी केले. महाराष्ट्राने केले नाहीत. बंगळुरात डिझेल ८५ रुपयांवर आलं आणि मुंबईत ते ९४.१४ राहिलं. पेट्रोल तिकडे १००.५८, इकडे १०९.९८. एका रात्रीत निपाणीकडचे पंप गजबजले. आमच्या बाजूच्या पंपांवर दिवसा शुकशुकाट असायचा, कारण दक्षिणेकडे जाणारी गाडी पुढे भरायची आणि दक्षिणेकडून येणारी भरूनच यायची. कागलच्या बाजूला माझ्या ओळखीचे पंपवाले आहेत. त्यांची चूक काहीच नव्हती, पण धंदा बसला तो त्यांचा.

महाराष्ट्राने जुलै २०२२ मध्ये पेट्रोलवर ५ आणि डिझेलवर ३ रुपये कमी केले तेव्हा अंतर थोडं मिटलं. मग जून २०२४ मध्ये कर्नाटकाने कर वाढवला, बंगळुरात डिझेल ८५.९३ वरून ८८.९४ झालं. त्याच महिन्याच्या शेवटी महाराष्ट्राने मुंबईचा दर उतरवला. आणि १ एप्रिल २०२५ ला कर्नाटकाने डिझेलवरचा कर २१.१७ टक्के केला, बंगळुरात भाव ९१.०२. महाराष्ट्राचा २१ टक्के, त्यांचा २१.१७. झालं, डिझेलसाठी कोगनोळी ओलांडण्यात काही राम उरला नाही. ज्या ड्रायव्हरांना तीन वर्षांत ‘पुढे भर’ ही सवय लागली होती, त्यांना ती सोडायला मला महिने लागले. काही जण अजूनही पुढेच भरतात.

म्हणून ‘कर्नाटकात स्वस्त असतं’ किंवा ‘गोव्यात स्वस्त असतं’ असं कुणी कायमचं वाक्य सांगितलं तर तारीख विचारा. गोव्याचंच बघा. २०१२ च्या एप्रिलमध्ये मनोहर पर्रीकर सरकारने पेट्रोलवरचा व्हॅट २० टक्क्यांवरून ०.१ टक्क्यावर आणला. भाव लिटरमागे सुमारे अकरा रुपयांनी खाली आला आणि बांदा-सावंतवाडीची माणसं पत्रादेवीचा नाका ओलांडून टाकी भरायला लागली. पुढे तो कर टप्प्याटप्प्याने परत वाढला. २०२४ मध्ये सिंधुदुर्गापेक्षा गोवा स्वस्त होताच, पण २०१२ ची मजा राहिली नव्हती. पूर्वेकडे तर चित्र उलटं. तेलंगणात पेट्रोलवर ३५.२ टक्के आणि डिझेलवर २७ टक्के व्हॅट. २०२४ मध्ये हैदराबादला डिझेल ९५.६५ होतं. त्यामुळे देगलूर-धर्माबादच्या पंपांना हद्दीचा फायदा मिळतो, तोटा नाही. हैदराबादहून सोलापूरला येणारी गाडी मधे हुमनाबादजवळ कर्नाटकातून जाते. आमचे ड्रायव्हर तेलंगणातल्या जहीराबादपर्यंत टाकीत जेमतेम ठेवतात आणि पुढे आले की भरतात. गुजरातच्या हद्दीवरच्या तलासरी-भिलाडचं तुम्हाला ठाऊक असेलच. गुजरातचा पेट्रोलवरचा कर कमी, तिथे महाराष्ट्राच्या बाजूच्या पंपांची रड जुनी आहे.

ही भिन्नता राहणारच, कारण जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा पेट्रोल, डिझेल, कच्चं तेल, नैसर्गिक वायू आणि विमानाचं इंधन त्याच्या बाहेर ठेवलं गेलं. आणि व्हॅट टक्क्यांत असल्यामुळे मूळ भाव चढला की राज्याराज्यांतली दरी आपोआप रुंदावते. मूळ भाव ६० असताना २५ टक्के आणि १९.४ टक्के यांतला फरक ३ रुपये ३६ पैसे. तोच मूळ भाव ८० झाला की फरक ४ रुपये ४८ पैसे. कुणी दर बदलला नाही, तरी दरी वाढली.

टाकी भरायला मुद्दाम हद्दीपार जावं का? दुचाकीचं गणित करू. कोल्हापूरहून निपाणी साधारण चाळीस किलोमीटर, जाऊन-येऊन ऐंशी. गाडी लिटरला पन्नास देत असेल तर एक लिटर सहाशे मिली पेट्रोल जाळलं, म्हणजे दीडशेच्या वर रुपये. दहा लिटर भरलंत आणि लिटरमागे आठ रुपये वाचले तरी ऐंशीच रुपये हाती. हा तोट्याचाच सौदा. उलट बंगळुरूला जाणारा ट्रक तिथून जातच असतो. तो तीनशे लिटर भरतो, आठ रुपयांच्या फरकाला एका टाकीत चोवीसशे रुपये वाचतात. फायदा त्यालाच, ज्याची वाट आधीच तिकडून आहे. आणि कॅन-ड्रममध्ये पेट्रोल भरून आणू नका. उन्हात गाडीच्या डिकीत ठेवलेल्या कॅनने काय होतं ते मी एकदा पाहिलं आहे.

वर्षांची तुलना याहून अवघड आहे. तिथे लोक सर्वांत जास्त चुकतात ते डॉलरवर. कच्चं तेल आपण डॉलरमध्ये घेतो, पण पंपावर रुपये देतो. पिंपाचा भाव, गुणिले डॉलरचा दर, भागिले १५९, कारण एका पिंपात जवळजवळ १५९ लिटर असतात. एवढंच सूत्र. भारत जे कच्चं तेल घेतो त्याचा सरासरी भाव, ज्याला इंडियन बास्केट म्हणतात, २०१३-१४ मध्ये १०५.५२ डॉलर होता. डॉलर तेव्हा साठ रुपयांच्या थोडा वर. लिटरला सुमारे ४० रुपये पडले. २०२४-२५ मध्ये बास्केट ७८.५६ डॉलर आणि डॉलर चौऱ्याऐंशीच्या वर. लिटरला सुमारे ४२ रुपये. म्हणजे ‘तेल स्वस्त झालं तरी पेट्रोल महाग’ या वाक्यातला पहिला अर्धा भाग डॉलरमध्ये खरा आणि रुपयात खोटा आहे. रुपयाने मधला सगळा फायदा खाल्ला. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या चित्रांत हे कधी लिहिलेलं नसतं, आणि मला त्याचा मनापासून राग येतो, कारण माणसं त्यावरून भांडतात.

आता वाक्याचा दुसरा अर्धा भाग. मे २०१४ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७१.४१ होतं, मार्च २०२४ मध्ये ९४.७२. वाढ २३ रुपये ३१ पैसे. तिचे तुकडे पाडू. केंद्राचा अबकारी ९.४८ चा १९.९० झाला, म्हणजे १० रुपये ४२ पैसे. दिल्लीचा व्हॅट ११.९० वरून १५.३९, म्हणजे साडेतीन रुपये. पंपवाल्याचं कमिशन सुमारे दोन रुपयांवरून पावणेचारवर. उरलेले साडेसात रुपये कंपनीच्या दरात वाढले. त्यातले दोन-तीन कच्च्या तेलाचे, बाकी शुद्धीकरण, इंधनाचा सुधारलेला दर्जा आणि कंपनीचा नफा. २०२२ मध्ये या कंपन्यांनी तोट्यात विकलं हे खरं, आणि २०२३-२४ मध्ये तिन्ही सरकारी तेल कंपन्यांचा मिळून नफा सुमारे ८१ हजार कोटी झाला हेही खरं. दोन्ही वर्षं एकत्र धरूनच बोलावं.

म्हणजे वाढीतला सर्वांत मोठा वाटा केंद्राच्या कराचा. त्या १९.९० मध्ये राज्यांना वाटून मिळणारा मूळ अबकारी फक्त १.४० होता, बाकी सगळे उपकर आणि विशेष शुल्क. राज्यं आपला व्हॅट सोडायला का तयार नसतात, ते या एका आकड्यावरून कळतं.

डिझेलचं २०१४ हे वेगळं प्रकरण आहे आणि इथे जपून बोलावं लागतं. पेट्रोलचा भाव २६ जून २०१० पासून बाजारावर सोडला होता, डिझेलचा नव्हता. जानेवारी २०१३ पासून दरमहा पन्नास पैसे वाढवत नेलं आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेल मोकळं केलं. तोवर पंपावरचा भाव खर्चापेक्षा कमी होता. २०१३-१४ या एका वर्षात डिझेलवरची तूट ६२ हजार कोटींच्या वर होती. ती कुणीतरी भरलीच, आपल्याच करातून आणि सरकारी तेल कंपन्यांच्या खिशातून. त्यामुळे मे २०१४ मधले दिल्लीचे ५६.७१ हे डिझेलचे खरे मोल नव्हतंच. तो भाव आजच्या भावाशी थेट ताडणं म्हणजे रेशनचा गहू आणि दुकानातला गहू एकाच तराजूत घालणं. १ एप्रिल २००२ च्या आधीचे भाव तर संपूर्ण सरकारनेच ठरवलेले. त्यांवरून जगातल्या तेलाबद्दल काही कळत नाही.

आणि महागाई. दहा वर्षांत किरकोळ महागाईचा निर्देशांक साठ टक्क्यांहून जास्त चढला. दिल्लीचं पेट्रोल त्या काळात तेहतीस टक्के वाढलं, डिझेल चौपन्न टक्के. म्हणजे दूध, भाजी, शाळेची फी यांच्या मानाने इंधन कमी वेगाने वाढलं. हे सांगितलं की लोक माझ्यावर चिडतात. पण आकडा आकडा आहे. ज्याची कमाई महागाईबरोबर वाढली त्याला पेट्रोल तितकं महाग झालेलं नाही. ज्याची वाढली नाही, त्याला ते फार महाग झालं, आणि माझ्या ओळखीतले बहुतेक ड्रायव्हर या दुसऱ्या प्रकारात येतात. म्हणून मी वर्षांची तुलना करताना एक माप नेहमी लावतो: गाडीच्या एका फेरीच्या भाड्यात किती लिटर डिझेल येतं? हे माप कुठल्याही निर्देशांकापेक्षा धंद्याची तब्येत खरी सांगतं.

कच्चं तेल उतरलं की पंपावर उतरतं हा समज २०२० मध्ये कायमचा मोडला. एप्रिल २०२० मध्ये बास्केट १९.९० डॉलरवर आला, रुपयात लिटरला साडेनऊच्या आसपास. बाटलीबंद पाण्यापेक्षा स्वस्त. पण मार्चमध्ये ३ रुपये आणि मेच्या पहिल्या आठवड्यात पेट्रोलवर १० व डिझेलवर १३ रुपये असा अबकारी वाढला. एकूण अबकारी झाला पेट्रोलवर ३२.९८, डिझेलवर ३१.८३. लॉकडाऊनमध्ये गाड्या उभ्या होत्या, त्यामुळे फारसं कुणाला जाणवलं नाही. जाणवलं ते नंतर, तेल परत चढलं आणि कर तसाच राहिला तेव्हा. त्याच उन्हाळ्यात दिल्लीने डिझेलवरचा व्हॅट ३० टक्के केला, आणि २४ जून २०२० ला दिल्लीत डिझेल पेट्रोलच्या वर गेलं, ७९.८८ विरुद्ध ७९.७६. त्याच दिवशी मुंबईत पेट्रोल ८६.५४ आणि डिझेल ७८.२२. पेट्रोल मुंबईत जवळपास सात रुपयांनी महाग, डिझेल दीड-पावणेदोन रुपयांनी स्वस्त. एका तारखेला दोन शहरांत दोन इंधनांचा क्रम उलटा. जुलैअखेर दिल्लीने व्हॅट परत १६.७५ टक्के केला आणि ते संपलं.

दुसरी फसवी गोष्ट म्हणजे गोठवलेला भाव. १६ जून २०१७ पासून भाव रोज बदलू शकतो, पूर्वी महिन्यातून दोनदा, १ आणि १६ तारखेला बदलायचा. ‘बदलू शकतो’ हा शब्द मी जाणून वापरतो. ४ नोव्हेंबर २०२१ पासून २१ मार्च २०२२ पर्यंत तेल कंपन्यांनी भाव हलवलाच नाही. त्या काळात पाच राज्यांच्या निवडणुका झाल्या आणि युक्रेनवर हल्ला होऊन कच्चं तेल शंभराच्या पार गेलं. मग २२ मार्चपासून सोळा दिवसांत चौदा वेळा वाढ. ६ एप्रिल २०२२ ला मुंबईत पेट्रोल १२०.५१, डिझेल १०४.७७. त्याच्या थोडं आधी घाऊक डिझेल, म्हणजे मोठे ग्राहक कंपनीकडून थेट घेतात ते, मुंबईत १२२.०५ झालं होतं, पंपावर मात्र ९४.१४. मोठे ग्राहक पंपांवर रांगा लावायला लागले. एसटीसारख्या संस्थांनी हे २०१३ मध्येही अनुभवलं होतं, तेव्हाही घाऊक भाव वेगळा काढला होता. एकाच शहरात, एकाच दिवशी, एकाच डिझेलचे दोन भाव. कोणता ‘डिझेलचा भाव’ धरायचा, हे प्रश्नावर अवलंबून.

त्या सोळा दिवसांनी माझ्या एका मित्राची एक गाडी गेली. त्याच्या दोन दहाचाकी होत्या. डिसेंबर २०२१ मध्ये त्याने एका कारखान्याशी वर्षाचं भाडं ठरवलं. भाव दीड महिना स्थिर दिसत होता, त्याने तो स्थिरच धरला, करारात डिझेलचं कलम घातलं नाही. भरलेली गाडी लिटरला चार किलोमीटर देते. डिझेल दहा रुपयांनी चढलं की किलोमीटरला अडीच रुपये जादा. दोन गाड्या महिन्याला सोळा हजार किलोमीटर, म्हणजे चाळीस हजार रुपये महिन्याला घरातून. मेमध्ये अबकारी कमी झाला, जुलैमध्ये राज्याने तीन रुपये सोडले, पण तोवर दोन हप्ते थकले होते आणि एक गाडी फायनान्सवाल्याने ओढून नेली. त्याने जर नोव्हेंबर ते मार्चचा बास्केटचा भाव पाहिला असता तर पंपाची पाटी खोटं स्थैर्य दाखवते आहे हे दिसलं असतं. मी त्याला सांगायला हवं होतं. तेव्हापासून मी कुणालाही भाड्याच्या करारात एक ओळ लिहिल्याशिवाय सही करू देत नाही: अमुक तारखेचा, अमुक गावचा पंपाचा भाव पायाभूत धरला आहे, आणि त्यात दर एक रुपयाच्या बदलाला किलोमीटरमागे पंचवीस पैसे वर किंवा खाली. आकडा तुमच्या गाडीच्या ॲव्हरेजप्रमाणे बदला. खाली पण लिहा, नाहीतर समोरचा मान्य करत नाही, आणि ते रास्तही आहे.

अजून एक गोष्ट, जी पावत्यांवर दिसत नाही. २०१४ चा लिटर आणि आजचा लिटर एकच वस्तू नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ इंधन आलं, गंधक दहा लाख भागांत ५० वरून १० वर. पेट्रोलमध्ये इथेनॉल २०२२ मध्ये दहा टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर गेलं. आमच्या जिल्ह्याच्या उसाला त्याचा फायदा आहे आणि मला त्याचा आनंद आहे. पण इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने ऊर्जा एक तृतीयांशाने कमी असते, त्यामुळे जुन्या गाडीचं ॲव्हरेज थोडं उतरतं. पेट्रोलच्या पावत्या ताडताना म्हणूनच रुपये प्रति लिटरच्या शेजारी रुपये प्रति किलोमीटर काढा.

परदेशाशी तुलना करणाऱ्यांना दोन सूचना पुरेत. अमेरिकेचा गॅलन ३.७८५ लिटरचा, ब्रिटनचा ४.५४६ चा. न्यू जर्सीतला भाचा ‘सव्वातीन डॉलर’ म्हणतो ते गॅलनचे. आणि नेपाळचा भाव दिसला की तो १.६ ने भागा, कारण एका भारतीय रुपयाचे एक रुपया साठ पैसे नेपाळी होतात. तिथलं १६० म्हणजे आपले १००.

तुमच्या वडिलांच्या पावत्यांकडे परत येतो. प्रत्येकीवरची तारीख, गाव आणि भाव एका वहीत उतरवा. शेजारी त्या महिन्याचा बास्केटचा भाव आणि डॉलरचा दर लिहा. बास्केट आणि दिल्लीच्या भावाची फोड केंद्राच्या पेट्रोलियम प्लॅनिंग अँड ॲनालिसिस सेलकडे मिळते. मग कच्च्या तेलाचे लिटरला रुपये काढा. पाटीचा भाव आणि हा आकडा यांतलं अंतर महिन्यामहिन्याने पाहत गेलात की कर कधी चढला, कधी उतरला, ते कुणी न सांगता दिसेल. पावतीवर गाडीचा नंबर आणि किलोमीटर लिहिलेले असतील तर त्या अजिबात टाकू नका. जुन्या माणसांना पावतीमागे पेन्सिलने मीटरचं रीडिंग लिहायची सवय असायची, मागची बाजू एकदा उजेडात धरून बघा.